आमच्या बडोद्यात 'सरकार' म्हणजे कोण?

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत 'सरकार' हा शब्द माणसाला लावत असत. "सरकार विलायतेहून आले", "सरकारांना बरं नाही", "सरकारांच्या मनात आलं तर होईल". आमचे आजोबा कोठी कचेरीत कारकून होते. राज्य विलीन होऊन वीस वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यात दोन वेगळे शब्द असत. महाराज ते 'सरकार', आणि मुंबई-दिल्लीचं ते 'गव्हर्मेंट'. घरात कुणी "सरकारने तेलाचे भाव वाढवले" म्हटलं की ते लगेच दुरुस्त करत, "गव्हर्मेंटने म्हण. सरकारांनी नाही."

आम्हाला तेव्हा हसू यायचं. पण मंडळी, विचार केला तर या एका दुरुस्तीत नागरिकशास्त्राचं अर्धं पुस्तक आहे. सार्वभौमत्व, कार्यकारी मंडळ, विधिमंडळ, नागरिक, हे शब्द आपण शाळेत तीन मार्कांच्या व्याख्या म्हणून पाठ केले. आपल्या आजा-पणज्यांनी ते एका आयुष्यात अंगावर घेतले. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं. मला माहिती बडोद्याची आहे, म्हणून बडोद्याचं सांगतो.

सुरुवात महाराजांच्या किताबांपासून करू, कारण बडोद्याच्या राज्यघटनेचा इतिहास त्यात सापडतो. गायकवाडांच्या नावापुढे लागत असे: सेना खासखेल, समशेर बहाद्दर, फर्जंद-ए-खास-ए-दौलत-ए-इंग्लिशिया. लहानपणी हे म्हणताना जीभ अडखळायची. समशेर बहाद्दर हा किताब १७२० च्या बाळापूरच्या लढाईनंतर दमाजी गायकवाडांना छत्रपती शाहूंकडून मिळाला. सेना खासखेल मिळाला तो पिलाजीरावांना, १७३१ साली डभईजवळ सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर. दाभाड्यांचा मुलगा लहान, म्हणून पिलाजीराव त्याचे मुतालिक झाले. मुतालिक म्हणजे दुसऱ्याच्या वतीने कारभार बघणारा. म्हणजे वर छत्रपती, त्यांचे सेनापती दाभाडे, आणि त्यांचे मुतालिक गायकवाड. राज्य प्रत्यक्षात गायकवाडांचं, पण कागदावर ते कुणाच्या तरी वतीने चालायचं.

तिसरा किताब १८७७ चा, दिल्ली दरबारातला. अर्थ काय, तर 'इंग्रजी दौलतीचा खास पुत्र'. धनी बदलला, आणि जुने दोन किताब मात्र तसेच राहिले! नागरिकशास्त्रात सार्वभौमत्व म्हणजे 'ज्याच्या वर कोणी नाही अशी सत्ता'. या व्याख्येत बडोद्याचं राज्य कधीच बसलं नाही. आत सगळी सत्ता महाराजांची: कर, कोर्ट, पोलीस, शाळा. पण युद्ध, तह, परराज्याशी बोलणी हे सगळं १८०२ आणि १८०५ च्या तहांनंतर कंपनीकडे आणि पुढे ब्रिटिश राजसत्तेकडे. कँपात रेसिडेंट बसलेला असे. त्याच्या हातात कायद्याने फारसं काही नव्हतं, आणि त्याच्या 'सल्ल्या'शिवाय पानही हलत नव्हतं. याला आपल्याकडे 'मांडलिक' असा नेमका शब्द होता. इंग्रजांनी त्यासाठी मोठमोठे शब्द वापरले, पण गादीला 'सिंहासन' आणि गादीवरच्या माणसाला 'राजा' म्हणायचं मात्र कटाक्षाने टाळलं. त्यांच्या कागदांत ते 'रूलिंग प्रिन्स'. राजा म्हणायचा तो एकच, लंडनचा.

मांडलिक म्हणजे नेमकं काय, हे बडोद्याला १८७५ साली कळलं. मल्हारराव महाराजांवर आरोप आला की त्यांनी रेसिडेंट कर्नल फेअर यांना विष घालण्याचा प्रयत्न केला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. त्यात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव राजवाडे. महाराजांनी बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला बॅरिस्टर आणला. निकाल काय लागला? तीन इंग्रज म्हणाले दोषी, तीन हिंदी सभासदांनी तसं म्हणायला नकार दिला. बरोबर मधोमध फूट. म्हणजे आरोप सिद्ध झाला नाही. तरी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलं. कारण दिलं कुशासनाचं, आणि त्यांना मद्रासला पाठवलं.

मल्हाररावांचा कारभार वाईट होता याबद्दल फारसं दुमत नाही. त्यांना काढल्याचं दुःख किती जणांना झालं असेल, ही शंकाच आहे. पण ते काढले कुणी, हा प्रश्न उरतोच. बडोद्याच्या रयतेला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची काही सोयच नव्हती. मग खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. तेच सयाजीराव तिसरे. दत्तकालाही इंग्रजांची मंजुरी लागली. म्हणजे राजा कोण, हे ठरवणारा राजाच्या वरचा कुणीतरी असतो. हे लक्षात ठेवा, पुढे १९५१ मध्ये याचा पुन्हा संबंध येणार आहे.

सयाजीरावांच्या कारभाराबद्दल आपल्या लोकांना नव्याने सांगायची गरज नाही. लहान असताना राज्य सांभाळायला आले टी. माधवराव, मूळचे तंजावरकडचे मराठी, त्रावणकोर आणि इंदूरला दिवाणगिरी करून आलेले. १८८१ अखेर महाराजांनी पूर्ण अधिकार हाती घेतले, ते १९३९ पर्यंत. अमरेलीत १८९३ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग आणि १९०६ साली ते सगळ्या राज्यात. बालविवाहाला बंदी १९०४, गावोगावी वाचनालयं १९१० पासून, घटस्फोटाचा कायदा १९३१. ब्रिटिश मुलखात यातलं बरंच काही तेव्हा नव्हतं.

मला मात्र त्या कारभारातले शब्द फार आवडतात. जिल्हा म्हणजे 'प्रांत', त्यावरचा अधिकारी 'सुबा'. तालुका म्हणजे 'महाल', तिथला मामलेदार तो 'वहिवाटदार'. हायकोर्ट म्हणजे 'वरिष्ठ कोर्ट'. राज्याचं गॅझेट म्हणजे 'आज्ञापत्रिका', आणि ती निघायची गुजरातीत, कारण राज्यकर्ते मराठी असले तरी कारभाराची भाषा सयाजीरावांनी रयतेची, म्हणजे गुजराती केली होती. आमच्या मराठी आजोबांचं गुजराती अक्षर मराठीपेक्षा चांगलं होतं ते त्यामुळेच. आणि कायद्याला काय म्हणत? 'निबंध'! बालविवाहाचा निबंध, लग्नविच्छेदाचा निबंध. शाळेतून आम्ही "आज निबंध लिहायचाय" म्हणत आलो की आजोबा विचारायचे, "मंजूर कोण करणार?"

१९३१ साली महाराजांनी 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु' नावाचा कोश काढवला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा सात भाषांतले प्रतिशब्द त्यात आहेत. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्याच वाटेवरचं हे पुढचं काम. फरक इतकाच की त्या कोशात 'पेशवा'ला पर्याय शोधायचा होता, इथे इंग्रजी राज्यपद्धतीला. आणि शब्द तयार झाला तरी ती वस्तू घरात येतेच असं नाही. त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे धारासभा.

धारासभा १९०८ साली स्थापन झाली. नाव ऐकून आजचा माणूस विधानसभा समजेल. पण तिथे निवडून आलेले थोडे, नेमलेले आणि अधिकारी जास्त. निबंधाच्या मसुद्यावर चर्चा करायची, प्रश्न विचारायचे, मत द्यायचं, आणि शेवटी मंजुरी हुजुरांची. हुजुरांना वाटलं तर धारासभेला न विचारताही निबंध काढता यायचा. आजच्या भाषेत ही सल्लागार सभा, विधिमंडळ नव्हे. विधिमंडळाची खूण एकच आहे: त्याने नको म्हटलं तर कायदा होत नाही, आणि पैसा खर्च होत नाही. धारासभेला 'नको' म्हणता येत होतं, पण 'नको' करता येत नव्हतं.

दिवाणाचंही तसंच. लोक सहज म्हणतात, दिवाण म्हणजे त्या काळचा मुख्यमंत्री. मुळीच नाही. मुख्यमंत्री विधानसभेला जबाबदार असतो. तिचा विश्वास गेला की तो जातो. दिवाणाला आणणारे महाराज, काढणारे महाराज. रमेशचंद्र दत्तांसारखा अर्थतज्ज्ञ बडोद्याचा दिवाण झाला तो महाराजांच्या गुणग्राहकतेने. पण रयतेला दत्त नकोत असं वाटलं असतं तरी करण्यासारखं काही नव्हतं. न्यायखातं सयाजीरावांनी महसुली कारभारापासून वेगळं काढलं, ही मोठीच गोष्ट. तरी वरिष्ठ कोर्टाच्याही वर शेवटचं अपील हुजुरांकडे, आणि त्यांना सल्ला द्यायला हुजूर न्यायसभा. थोडक्यात, पुस्तकात सत्तेच्या तीन शाखा असतात ना, कायदा करणारी, राबवणारी आणि न्याय देणारी, त्या बडोद्यात तिन्ही होत्या. फक्त तिन्हींचं खोड एकच होतं.

खोड चांगलं होतं म्हणून फळं चांगली आली. आमच्या घरात तर याबद्दल चकार शब्द ऐकून घेतला जायचा नाही. पणजीबाई लिहायला-वाचायला शिकल्या त्या सक्तीच्या शाळेमुळे. "सरकारांनी शिकवलं" असं त्या म्हणत. मला आज त्यातलं 'शिकवलं' ऐकू येतं, तसंच 'सरकारांनी'ही ऐकू येतं. जे मिळालं ते मर्जीने मिळालं. मर्जी सयाजीरावांची होती म्हणून शाळा आली. मल्हाररावांची असती तर काय आलं असतं?

मर्जी कितीही चांगली असली तरी तिचा हात कुठवर पोचतो, हे १९१७ साली याच शहरात दिसलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार परत येऊन बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. महाराजांनी नेमलेला, परदेशातून शिकून आलेला अधिकारी, आणि या शहरात त्याला राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारशाळेत राहिले. काही दिवसांत काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावं लागलं. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. कमाटीबागेत झाडाखाली बसून काढलेल्या त्या तासांबद्दल त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. राज्याने त्यांना हुद्दा दिला, पण डोक्यावर छप्पर मिळवून दिलं नाही. अस्पृश्यांसाठी शाळा काढणारं हे राज्य होतं, तरीही.

आपल्या मराठी घरांत ही गोष्ट सांगताना बहुतेकदा "पारशी लोकांनी हाकललं" इथे थांबतात. पण शहरात आपलीही शेकडो घरं होती. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास. त्यातलं एकही दार उघडलं नाही. हुजूर हुकूम नेमणूक करू शकतो. पण कुणाच्या अंगाला कोण हात लावील, कुणाला कोण घर देईल, यावर दाद मागायची असेल तर हक्क लागतो, आणि तो हक्क राजाविरुद्धही चालायला लागतो, शेजाऱ्याविरुद्धही. संविधानाचं १७ वं कलम अस्पृश्यता नष्ट करतं, आणि ३२ वं कलम हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट देतं. ही कलमं वाचताना मला कमाटीबाग आठवते.

दरम्यान प्रजामंडळ उभं राहिलं होतं. मागणी एका शब्दाची: जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे मंत्री लोकांना जबाबदार असावेत, महाराजांना नव्हे. या चळवळीत मराठी माणसं नव्हती असं नाही, पण आपली बरीच घरं अवघडली. राजा आपला, कचेऱ्यांत माणसं आपली, आणि मागणी करणारे बहुतेक गुजराती. आजोबांच्या पिढीला प्रजामंडळ म्हणजे कृतघ्नपणा वाटायचा. ते कळण्यासारखं आहे, पण बरोबर नाही. सुराज्य चाललेलं असताना स्वराज्य कशाला, हाच युक्तिवाद इंग्रज आपल्याला ऐकवत होते, आणि तेव्हा आपल्याला तो पटत नव्हता.

१९४७ साली इंग्रज गेले तेव्हा कायद्याच्या दृष्टीने एक विचित्र अवस्था झाली. संस्थानांवरची राजसत्तेची अधिसत्ता संपली, म्हणजे सगळे मांडलिक एका रात्रीत कागदावर मोकळे. काहींना ते खरंच वाटलं. बडोद्याने मात्र आधीच वाट धरली होती. २८ एप्रिल १९४७ रोजी ज्या मोजक्या संस्थानांचे प्रतिनिधी संविधान सभेत जाऊन बसले, त्यात बडोदा होतं. दिवाण सर बी. एल. मित्तर पुढे मसुदा समितीच्या सुरुवातीच्या सात सदस्यांपैकी एक झाले. त्या समितीचे अध्यक्ष कोण? आंबेडकर. तीस वर्षांपूर्वी ज्यांना शहरात खोली मिळाली नव्हती, त्यांच्या अध्यक्षतेखाली बडोद्याचे दिवाण! मित्तर लवकरच बाहेर पडले, ती गोष्ट वेगळी. १९१७ साली बडोद्याचे दिवाण होते मनुभाई मेहता. त्यांची मुलगी हंसा मेहताही संविधान सभेत होत्या. १४ ऑगस्टच्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज अर्पण केला तो त्यांनी. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व माणसं' आलं, त्यामागेही हंसाबेनच.

इथे दोन शब्दांत घोटाळा होतो, तो सोडवून ठेवतो. सामीलनामा आणि विलीनीकरण या एक गोष्टी नाहीत. सामीलनाम्याने संस्थानाने संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण या तीन बाबी दिल्लीला दिल्या. बाकी राज्य तसंच, महाराज तसेच. विलीनीकरण म्हणजे राज्यच संपलं. बडोद्यात या दोन पायऱ्यांमध्ये जेमतेम दीड-पावणेदोन वर्षं गेली, पण त्या काळात बरंच घडलं.

प्रतापसिंहराव महाराज १९३९ पासून गादीवर होते. १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहतांच्या नेतृत्वाखाली लोकांना जबाबदार मंत्रिमंडळ आलं. जीवराजभाई म्हणजे हंसाबेनचे यजमान, मूळ अमरेलीचे, म्हणजे बडोद्याच्याच मुलखातले. आता पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला: राज्याच्या खजिन्यातून महाराजांनी ज्या मोठ्या रकमा काढल्या, त्यांचा हिशोब काय? राजाचा खर्च आणि राज्याचा खर्च वेगळा, ही कल्पना बडोद्याला नवी नव्हती. राजवाड्याचा खर्च बघायला 'खानगी खातं' कधीपासून होतं. पण खानगी आणि दौलत यांच्यामधली रेघ महाराज स्वतः ओढत होते. ती रेघ धारासभेने ओढावी, आणि तीही महाराजांच्या पुढ्यात, हे खरं राज्यपरिवर्तन. तोफा नाहीत, मोर्चे फार नाहीत, नुसता हिशोब मागितला. चाळीस वर्षं 'नको' म्हणत बसलेल्या सभेला पहिल्यांदा 'नको' करता आलं.

१ मे १९४९ रोजी बडोदा राज्य मुंबई राज्यात विलीन झालं. सुब्याच्या जागी कलेक्टर आला, वहिवाटदार मामलेदार झाले, आज्ञापत्रिका थांबली. आजोबा दुसऱ्या दिवशी त्याच कोठीत, त्याच टेबलाशी जाऊन बसले. पगार चालू राहिला. बदललं काय, असं विचारलं तर म्हणायचे, "अर्जाचा मायना." पूर्वी अर्ज हुजुरांच्या पायाशी सादर व्हायचा, आता कलेक्टरसाहेबांना सविनय जायचा. पायाशी आणि सविनय यात किती अंतर आहे, ते त्यांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

महाराजांना सालीना साडेसव्वीस लाखांचा तनखा ठरला. पण प्रतापसिंहरावांना विलीनीकरण पचलं नाही. त्यांनी विरोधात हालचाली केल्या, आणि १९५१ साली राष्ट्रपतींनी त्यांची 'संस्थानिक' म्हणून असलेली मान्यता काढून त्यांचे पुत्र फत्तेसिंहराव यांना मान्यता दिली. १८७५ लक्षात आहे ना? तेव्हा व्हाइसरॉयने गादीवरून उतरवलं, आता राष्ट्रपतींनी. संविधानाच्या ३६६ व्या कलमात संस्थानिकाची व्याख्याच अशी होती की राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो. वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, आणि आमच्याकडच्या काही बुजुर्गांनी त्या तशाच मानल्या. पण व्हाइसरॉयला जाब विचारणारी सभा बडोद्याच्या माणसांनी निवडलेली नव्हती. राष्ट्रपतींना सल्ला देणारं मंत्रिमंडळ संसदेपुढे उभं होतं, आणि १९५२ पासून त्या संसदेसाठी आमच्या पणजीबाईंनीही मत दिलं.

१९५७ साली फत्तेसिंहराव स्वतः लोकसभेला उभे राहिले आणि निवडून आले. सरकारांचे वंशज हात जोडून मतं मागताहेत, हे बघायला म्हणे रावपुऱ्यात माड्यांवर गर्दी. आजोबांना ते बघवलं नाही. आजीने मात्र बघितलं आणि मतही दिलं.

तनख्याचा शेवट आपल्या सगळ्या संस्थानी शहरांना माहीत आहे. १९७० साली तो रद्द करणारं विधेयक राज्यसभेत एका मताहूनही कमी फरकाने पडलं. दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने सगळ्या संस्थानिकांची मान्यता काढली. माधवराव शिंदे ग्वाल्हेरचे, ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरात जिंकले. न्यायालयाने आदेश रद्द केला. मग १९७१ मध्ये सव्विसावी घटनादुरुस्ती झाली आणि तनखे गेले. मला यात गंमत वाटते ती ही: राजे आपला हक्क मागायला नागरिक म्हणून कोर्टात गेले. त्यांच्या पूर्वजांच्या राज्यात त्यांच्याविरुद्ध कोण कुठे गेलं असतं?

इंदूर-ग्वाल्हेरकरांसाठी एक जोड. तुमच्याकडे १९४८ मध्ये मध्य भारत झाला तेव्हा जिवाजीराव शिंदे 'राजप्रमुख' आणि यशवंतराव होळकर 'उपराजप्रमुख' झाले. म्हणजे गादी गेली पण हुद्दा राहिला. हैदराबादेत निजामही १९५० नंतर राजप्रमुख होता. राज्यपालाचंच काम, नाव तेवढं राजाच्या मानाचं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो शब्दच गेला. बडोदा थेट मुंबईत मिसळलं, त्यामुळे आमच्या वाट्याला राजप्रमुख आला नाही.

आणि मग १ मे १९६०. विलीनीकरणाला बरोबर अकरा वर्षं, तारीखही तीच. मुंबई राज्याची दोन झाली, बडोदा गुजरातेत. गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले जीवराज मेहता, बडोदा राज्याच्या अखेरच्या दिवसांतले मंत्रिमंडळप्रमुख. आपण मराठी लोक मात्र या तारखेला भाषिक अल्पसंख्य झालो. राजाच्या जातीभाषेचे म्हणून जे वजन होतं ते गेलं होतंच, आता संख्येचंही नाही.

१९७० च्या सुमारास आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेतला मराठी वर्ग बंद करायचं ठरलं. आजोबांनी अर्जाचा मसुदा केला. कृपादृष्टी, उपकार, आश्रय, सगळं त्यात होतं. वडिलांनी तो बाजूला ठेवला आणि दुसरा लिहिला: संविधानाच्या ३५० अ कलमाप्रमाणे भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे, तरी तशी सोय चालू ठेवावी. आजोबा म्हणाले, "इतकं ताठ लिहिलंस तर काम होईल का रे?" वडील म्हणाले, "होईल न होईल. कारण तर द्यावं लागेल त्यांना."

चाळीसेक पालकांच्या सह्या झाल्या. वर्ग आणखी दोन वर्षं चालला, मग मुलांची संख्या कमी आहे असं लेखी कारण देऊन बंद झाला. कलमात 'प्रयत्न' असा शब्द आहे, 'हक्क' असा नाही, हे वडिलांना ठाऊक होतं आणि त्यावर ते चिडतही असत. २९ आणि ३० ही कलमं जास्त पक्की आहेत. भाषा जपण्याचा आणि आपल्या संस्था काढून चालवण्याचा हक्क त्यात आहे. पण संस्था काढायला आपल्यालाच पैसे आणि माणसं गोळा करावी लागतात. ते पत्र आजोबांनी त्यांच्या पेटीत ठेवलं होतं, जुन्या हुजूर हुकमांच्या नकलांबरोबर. त्या नकलांत कारण कुठेच दिलेलं नाही, हे मी मुद्दाम बघितलंय.

बेळगाव, इंदूर, हैदराबादच्या मंडळींनी आपल्याकडचं सांगावं. तुमच्या घरात सुबा, वहिवाटदार यांना काय म्हणत? कायद्याला 'निबंध' आणखी कुठे म्हणत का? गोवेकरांकडे पोर्तुगीज काळातले कचेरीचे शब्द असतील तर तेही लिहा. आणि कुणाकडे आज्ञापत्रिकेचे जुने अंक असतील तर फोटो टाका, गुजराती वाचायला मी मदत करीन.